इमारत पाडली, आता पत्ता कोणता सांगू?

घर बदलल्यावर आलेल्या अडचणी कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. निम्म्याहून अधिक पत्रं पत्त्याबद्दलच आली. मी टपाल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ ठाणे जिल्ह्यातल्या एका डिलिव्हरी ऑफिसात पोस्टमास्तर म्हणून. दुपारी पोस्टमन बीटवरून, म्हणजे वाटपाच्या फेरीवरून, परतले की न वाटलेल्या टपालाचा गठ्ठा टेबलावर यायचा. पाकिटांवर शेरे असायचे: 'लेफ्ट', 'डोअर लॉक्ड', 'पत्ता अपुरा'. त्यात चेकबुकं असायची, नोकरीची बोलावणी असायची, कोर्टाची समन्सं असायची. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. यावेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण त्याच अडचणीत आज मुंबई-ठाणे-पुण्यातली कितीतरी कुटुंबं आहेत.

ताई, नमस्कार. आमची डोंबिवली पूर्वेची सोसायटी पुनर्विकासाला गेली. चार मजली, १६ बिऱ्हाडं. इमारत पाडून सहा महिने झाले. आम्ही कल्याण पश्चिमेला भाड्याने राहतोय, नवं घर मिळायला तीन वर्षं लागतील म्हणतात. यांचं चेकबुक परत गेलं. बँकेचं केवायसीचं पत्र आलंच नाही, खातं थांबवल्यावर कळलं. पत्ता बदलायचा म्हटलं तर शेजारच्या काकू म्हणतात, "आधारवरचा पत्ता अजिबात बदलू नका, उद्या बिल्डर म्हणेल तुम्ही इथले नाहीच." तीन वर्षांसाठी सगळीकडे पत्ता बदलायचा का? — एक वाचक भगिनी, कल्याण

ताई, आधी काकूंची भीती दूर करते, कारण तिच्यापायीच लोक वर्षानुवर्षं न बदललेल्या पत्त्यावर बसून राहतात. तुमचं घर आधार कार्डामुळे तुमचं नाही. ते तुमचं आहे सोसायटीच्या भागप्रमाणपत्रामुळे, खरेदीखत आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) यांच्यामुळे, आणि विकासकाबरोबर झालेल्या पर्यायी जागेच्या नोंदणीकृत करारामुळे. हे कागद एका पिशवीत, त्यांच्या प्रती दुसऱ्या घरी, आणि फोटो फोनमध्ये ठेवा. आधार तुम्ही कोण आहात ते सांगतं. घर कोणाच्या मालकीचं, हे त्यावरून ठरत नाही. (झोपडपट्टी पुनर्वसनाची गोष्ट निराळी. तिथे पात्रता १ जानेवारी २००० किंवा सशुल्क योजनेत १ जानेवारी २०११ च्या आधीच्या वास्तव्याच्या पुराव्यांवर ठरते आणि परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव लागतं. तशा वाचकांनी जुने पुरावे जिवापाड जपावेत. पण तिथेसुद्धा आजचं बँकेचं पत्र आज राहता तिथेच यायला हवं.)

आता तुमचा मूळ प्रश्न. तीन वर्षं हा लहान काळ नाही. माझं स्पष्ट मत: बदला. आणि परत जाल तेव्हा पुन्हा बदला. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, पत्त्याला मात्र अशी मर्यादा नाही. क्रमांक तोच राहतो.

मी एवढं आग्रहानं का सांगते? आपल्याकडे १८९७ चा एक कायदा आहे, सामान्य वाक्खंड अधिनियम. त्याच्या २७ व्या कलमाचा अर्थ असा की योग्य पत्ता लिहून, पूर्ण हशील भरून, रजिस्टरनं पत्र पाठवलं की ते रीतसर पोचलं असं धरलं जातं. तसं झालं नाही हे सिद्ध करण्याचा भार मग तुमच्यावर येतो. चेक न वटल्याच्या नोटिशीलाही न्यायालयं हेच गृहीत लावतात. पाठवणाऱ्याकडे तुमचा जो पत्ता नोंदलेला, तो त्याच्या दृष्टीनं योग्य पत्ता. तुमची इमारत पाडली आहे हे त्याला कोण सांगणार? पोस्टमन पत्र्याच्या कुंपणापाशी उभा राहतो, रखवालदाराला विचारतो आणि 'लेफ्ट' लिहून परततो. इकडे उत्तर द्यायची मुदत मात्र चालू झालेली असते. (रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पोचपावती घेण्याची सोय तिथेही आहे.)

सुरुवात भाडेकरारापासून करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत आहे की नुसता नोटरी केलेला, ते पाहा. बिल्डर भाडं देतो म्हणून पुष्कळ जण पाचशेच्या कागदावर नोटरीचा शिक्का घेऊन मोकळे होतात, आणि मग तो कागद कुठेच चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आता हे घरबसल्या ऑनलाइन होतं. मालक टाळत असेल तर त्याला सांगा, नोंदणी नसताना भांडण झालं तर कराराच्या अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे. करारात तुमचं आणि तुमच्या यजमानांचं, दोघांचीही नावं घाला. एकाच्याच नावानं केलेल्या करारानं दुसरा अडकून पडतो, हे फार पाहिलं.

मग टपाल. डोंबिवलीच्या ज्या पोस्टातून तुमच्या इमारतीची बीट निघायची, तिथल्या पोस्टमास्तरांना साधा अर्ज द्या: घरातल्या सगळ्यांची नावं, जुना पत्ता, नवा पत्ता, कुठल्या तारखेपासून, आणि प्रत्येक मोठ्या माणसाची सही. त्यावरून टपाल नव्या पत्त्यावर रीडायरेक्ट होतं. अर्ज त्या बीटच्या पोस्टमनच्या हातातून जाईल असं बघा, त्याला भेटा. आमच्याकडे एक पोस्टमन होते, त्यांच्या खिशातल्या वहीत बीट सोडून गेलेल्या माणसांचे नवे पत्ते लिहिलेले असायचे. कुणी त्यांना सांगितलं होतं म्हणून ते लिहिले होते. मात्र ही सोय फक्त टपालाला. कुरियरवाल्याला ती लागू नाही आणि बँकांची बरीच कार्डं हल्ली कुरियरनं येतात. म्हणून रीडायरेक्टवर विसंबून राहू नका, ती मधल्या काळापुरतीच.

नवा पत्ता लिहिताना पिन नीट लिहा. तुमचा जुना ४२१२०१, नवा ४२१३०१. फरक एका अंकाचा. पहिल्या तीन अंकांनी पत्र कुठल्या विभागात छाटायचं ते ठरतं, शेवटच्या तीन अंकांनी कुठलं ऑफिस ते वाटणार हे ठरतं. नवा पत्ता आणि जुना पिन असं पाकीट आधी डोंबिवलीला जातं, मग कल्याणला येतं, नाहीतर येतच नाही. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतात काव्य लिहिणारे अधिकारी. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या, वाचता न येणारं अक्षर, या सगळ्यातून सहा अंकांनी वाट काढली. सॉर्टिंगच्या खणांपुढे उभी राहायचे तेव्हा मला त्यांची आठवण यायची.

आता बँक. तुमच्या यजमानांचं खातं थांबलंय तर आजच जा. बँक पत्रव्यवहाराचा पत्ता आणि कायमचा पत्ता वेगवेगळा ठेवते, तेव्हा पत्रव्यवहाराचा कल्याणचा द्या. आधारवर अजून जुना पत्ता असेल तरी अडत नाही. सध्याचा पत्ता वेगळा असल्याचं स्वयंघोषणापत्र देण्याची तरतूद आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत दोन महिन्यांच्या आतलं विजेचं, पाइप गॅसचं, पाण्याचं किंवा पोस्टपेड मोबाइलचं बिल पत्त्यापुरतं चालतं. पुढे तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं मूळ ओळखपत्र द्यावं लागतं. भाड्याच्या घरात वीजबिल मालकाच्या नावाचं असतं, त्यामुळे ते तुमच्या उपयोगी नाही. पण यजमानांचा मोबाइल पोस्टपेड असेल तर त्या कंपनीत पत्ता बदला, पुढचं बिल कल्याणच्या पत्त्यावर येईल आणि तोच तुमचा पहिला पुरावा होईल. ही युक्ती मी कितीतरी जणांना सांगितली आहे. अर्जाची पोच, तारीख आणि शिक्क्यासह, घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

करार नोंदला की मायआधार संकेतस्थळावरून तो जोडून पत्ता बदलता येतो. आधारला मोबाइल जोडलेला असला म्हणजे झालं.

मतदार यादीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती विसरू नका. डोंबिवली आणि कल्याण पश्चिम हे वेगळे विधानसभा मतदारसंघ. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास संपतही नाही. तुम्ही तात्पुरत्याच गेला आहात असं म्हणता येईल. पण यादी तपासायला आलेल्या बीएलओला (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) समोर खड्डा दिसतो आणि अख्ख्या इमारतीची नावं 'स्थलांतरित' म्हणून निघण्याची शक्यता असते. म्हणून मी तरी नमुना ८ भरून नाव कल्याणला न्यावं असं म्हणेन. जुनी नोंद काढून नवी करायला हा एकच अर्ज लागतो, ओळखपत्राचा क्रमांक बदलत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र बेकायदा आहे. काही अडलं तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

आणि सर्वात महत्त्वाचं, जे लोक हमखास विसरतात: तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला कल्याणचा पत्ता लेखी द्या, आणि त्याची एक प्रत विकासकाच्या कार्यालयात. सर्वसाधारण सभेच्या सूचना, भाडेवाढीची पत्रं, घर वाटपाच्या सोडतीची तारीख, हे सगळं सोसायटीच्या दप्तरातल्या पत्त्यावर निघतं. १६ बिऱ्हाडं १६ ठिकाणी पांगलेली असताना व्हॉट्सअॅपवरच्या निरोपावर राहू नका. गॅसचं कनेक्शन नव्या एजन्सीकडे वर्ग करून घ्या. जुन्या मीटरचं शेवटचं बिल भरल्याची पावती जपून ठेवा.

दुसरं पत्र: माझी आई ८१ वर्षांची. वडील गेल्यावर चिपळूणजवळच्या गावाहून तिला नाशिकला आणलं. तिच्या नावाचं नाशिकचं एकही बिल नाही. आधारला मोबाइल जोडलेला नाही. बँक, आधार, रेशन, सगळीकडे गावचा पत्ता. ती म्हणते, "माझं नाव गावातून काढू नका." काय करावं? — एक मुलगा, नाशिक

तुमच्या आईंचं वाक्य आधी वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून थोडा वेळ बसले. घर सोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला गावच्या यादीतलं नाव म्हणजे आपण अजून तिथे आहोत याची खूण वाटते. त्यांना न विचारता कुठलाही अर्ज भरू नका.

जे खरंच बदलायला हवं ते मोजकं आहे. पहिलं, मोबाइल जोडणं. त्यासाठी आईंना केंद्रावर नेणं जड जात असेल तर जवळच्या पोस्टात चौकशी करा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन आधारला मोबाइल जोडून देतात, ही सेवा २०२१ पासून आहे. मग आधारचा पत्ता. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलता येतो. कुटुंबप्रमुख म्हणजे १८ वर्षांवरचा कोणीही नातलग, ज्याच्या पत्त्यावर त्या राहतात, म्हणजे तुम्ही. आईंच्या वतीनं विनंती नोंदवायची, नातं दाखवणारा कागद जोडायचा, म्हणजे दोघांची नावं असलेली शिधापत्रिका किंवा तुमचा पासपोर्ट. तेही नसेल तर ठरावीक नमुन्यातली स्वयंघोषणा चालते. नंतर ३० दिवसांच्या आत तुम्ही तुमच्या आधारनं लॉगिन करून संमती द्यायची. या ३० दिवसांकडे नीट लक्ष द्या. संमती राहून गेली तर विनंती रद्द होते आणि भरलेलं शुल्क परत मिळत नाही.

त्यानंतर बँकेत पत्रव्यवहाराचा पत्ता नाशिकचा करा. आईंना निवृत्तिवेतन मिळत असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला चेहरा ओळखणाऱ्या जीवन प्रमाण अॅपवरून घरूनच देता येतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत अशा वयात त्याचा फार आधार होतो.

शिधापत्रिकेची घाई करू नका. धान्य मिळत असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे ते नाशिकच्या दुकानातूनही उचलता येतं, गावातलं नाव कमी करावं लागत नाही. आणि मताचं म्हणाल तर आई दर वर्षी काही महिने गावी जाऊन राहणार असतील, घर उघडं राहणार असेल, तर नाव तिथेच असू द्या. नाशिकलाच कायमचा मुक्काम ठरला, तर नमुना ८ त्यांच्यासमोर वाचून दाखवा आणि सही त्यांची त्यांना करू द्या.

तिसरं पत्र: पुण्याहून कोल्हापूरला बदली झाली. गाडी एमएच १२ ची, कर्ज चालू आहे. आरसीवरचा पत्ता बदलणं गरजेचं आहे का? नंबर बदलेल का? — एक वाचक, कोल्हापूर

गरजेचं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४९ प्रमाणे राहण्याचं ठिकाण बदलल्यापासून ३० दिवसांत कळवावं लागतं. राज्य तेच असल्यानं नंबर बदलत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नमुना ३३ भरा. कर्ज असल्यामुळे वित्त कंपनीची संमती लागेल, तीच मागायला उशीर होतो, म्हणून तिथून सुरुवात करा. त्याच दिवशी विमा कंपनीलाही कळवा. आरोग्य विमाही असेल तर त्याच्याकडे जास्तच लक्ष द्या, कारण काही पॉलिसींत शहराप्रमाणे हप्ता आणि स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा बदलतो.

चौथं पत्र: बारा वर्षांत चार घरं बदलली. कुणाकुणाकडे कुठला पत्ता दिलाय तेच आठवत नाही. कसं शोधू? — एक वाचक, ठाणे

दोन कागद काढा. एक, सगळ्या खात्यांची गेल्या वर्षभराची पासबुकं. त्यात आपोआप वळते झालेले हप्ते दिसतील: विमा, म्युच्युअल फंड, कर्ज, लॉकरचं भाडं. दुसरा, आयकर संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, एआयएस. कुठून व्याज आलं, कुठून लाभांश आला, ते त्यात असतं. विसरलेलं खातं तिथे सापडतं. म्युच्युअल फंडांसाठी प्रत्येक फंड कंपनीला पत्र पाठवायची गरज नाही, केवायसी नोंदणी संस्थेत एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. डीमॅटमधल्या शेअर्सचा पत्ता डीपीकडे, म्हणजे डीमॅट खातं जिथे आहे त्या संस्थेकडे, बदलतो. पण कागदी शेअर्स असतील तर प्रत्येक कंपनीच्या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडे आयएसआर १ हा अर्ज वेगळा द्यावा लागतो. जुन्या बँक खात्यांचा शोध रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर घेता येतो. दहा वर्षं न हललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क जात नाही, बँकेकडे मागता येते.

हे मी माझ्या दादामुळे शिकले. दादा १९९८ साली सातारा सोडून पुण्याला आला. वडिलांनी घेऊन दिलेले एका कंपनीचे कागदी शेअर्स होते, पत्ता साताऱ्याचाच राहिला. लाभांशाची वॉरंटं तिकडे जात राहिली. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही की तो, आणि त्याबरोबर शेअर्सही, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे (आयईपीएफ) वर्ग होतात. तसे ते गेले. दादा आजारी पडला तेव्हा पैशाची गरज लागली आणि मी कागद चाळायला घेतले. आयईपीएफ ५ हा अर्ज, कंपनीची पडताळणी, नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र. दीड वर्ष लागलं. शेअर्स परत आले तेव्हा दादा नव्हता, ते वहिनीच्या नावावर करायला पुन्हा नवे कागद करावे लागले.

साताऱ्याच्या त्या घरी मी तेव्हा जाऊन आले. आताच्या भाडेकरूबाईंनी माळ्यावरून एक बिस्किटाचा डबा काढून दिला. दादाच्या नावानं आलेली सगळी पाकिटं त्यांनी त्यात ठेवली होती, काही त्यांच्याही आधीच्या बिऱ्हाडानं जपलेली. "फोन नंबर कुणाकडेच नव्हता हो," त्या म्हणाल्या. तुम्ही चार घरं सोडली आहेत. या रविवारी चारही दारांवर जा, आणि तिथे राहणाऱ्यांच्या हातात आपलं नाव, नवा पत्ता आणि नंबर लिहिलेला कागद द्या.